पाडलेली गल्ली जाते कुठं? ॲलन मूर यांची ‘जेरुसलेम’ आणि आपलं पैठण

(पाचोड इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, इंग्लंडमधल्या एका मोडकळीस आलेल्या वस्तीवरच्या कादंबरीबद्दल बोलतो. फोनवर ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, “सर, पाचोडला लोक मोसंबीच्या भावाबद्दल तासभर ऐकतील. हे ऐकतील का?” तर तुम्ही बसला आहात, म्हणजे निम्मं काम झालं. आता उरलेलं माझं.

आधी एक घरातली गोष्ट सांगतो. माझं आजोळ गोदाकाठी होतं. होतं म्हणजे आता ते नाथसागराच्या पाण्याखाली आहे. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. मधल्या काळात शंभराहून जास्त गावांची जमीन पाण्याखाली गेली, त्यांतलं एक आमचं. मी तेव्हा शिकत होतो. धरणाचं पाणी शेतीला हवं, हे मलाही पटत होतं आणि आजही पटतं. त्या पाण्यावर बागा उभ्या राहिल्या, शहरं उभी राहिली.

पुढं एका कोरड्या उन्हाळ्यात पाणी खूप मागं हटलं. आजी म्हणाली, मला ने. गेलो. भेगाळलेला गाळ, त्यातून डोकावणारी दगडी जोती. आमच्या वाड्याचं जोतं वीतभर वर होतं. मी सरळ त्यावरून पाय टाकून आत गेलो. आजी तशी आली नाही. ती जोत्याच्या कडेकडेनं पूर्ण वळसा घालून गेली, एका ठिकाणी थांबली, पदर सारखा केला आणि तिथून आत आली. मला म्हणाली, “भिंतीतून काय येतोस लेकरा? दारातून ये की.”

आता बघा, तिथं ना भिंत होती ना दार. मी तत्त्वज्ञान शिकलेला माणूस, मला हसू आलं. पण पुढं चाळीस-बेचाळीस वर्षं शिकवताना ते दार माझा पाठलाग करत राहिलं. दार नव्हतं, तर आजी कुठून आत आली? आणि होतं, तर मला का दिसलं नाही?

निवृत्तीनंतर हाच प्रश्न घेऊन बसलेली एक कादंबरी हाती आली. तिचं नाव ‘जेरुसलेम’, लेखक ॲलन मूर.

माणूस आणि वस्ती

मूर यांचा जन्म १९५३चा, इंग्लंडच्या मधोमध असलेल्या नॉर्दॅम्प्टन गावातला. जोड्यांच्या धंद्यासाठी हे गाव प्रसिद्ध होतं. तरुण मुलांना मूर यांचं नाव कॉमिक्समुळे माहीत असेल. ‘वॉचमेन’ आणि ‘व्ही फॉर व्हेंडेटा’ त्यांचीच. जगभर नाव झालं तरी या माणसानं आपलं गाव सोडलं नाही.

त्या गावातही एक गाव आहे, ‘द बरोज’. सगळ्यात जुना भाग, आणि सगळ्यात गरीब. बाराव्या शतकात तिथल्या किल्ल्यात राजानं थॉमस बेकेट या धर्मगुरूवर खटला चालवला होता, म्हणजे कधीकाळी देशाचा कारभार तिथून हलायचा. एकोणिसाव्या शतकात रेल्वे स्टेशनासाठी त्या किल्ल्याचे उरलेसुरले अवशेषही काढून टाकले. विसाव्या शतकात गल्ल्या पाडल्या, लोक इकडेतिकडे हलवले, उंच इमारती उभ्या केल्या. राहिली ती दारू, नशा, बेकारी. मूर याच वस्तीत वाढले. आजी, आईबाप, भाऊ अशा भरल्या घरात.

अशा वस्तीवर साधारणपणे काय लिहितात? अहवाल लिहितात, किंवा फार तर वास्तववादी कादंबरी. मूर यांनी सुमारे दहा वर्षं खपून सहा लाखांहून जास्त शब्दांची अद्भुत कादंबरी लिहिली. २०१६ साली ती आली तेव्हा अमेरिकी आवृत्ती बाराशेहून जास्त पानांची भरली. उशाला घेऊन झोपता येईल असं पुस्तक आहे. मी तीन पावसाळ्यांत वाचलं.

गोष्ट काय आहे

तीन भाग आहेत. पहिल्या भागात वस्तीतली माणसं एकेका प्रकरणात येतात. एक प्रकरण हजारेक वर्षांपूर्वीच्या भिक्षूचं. त्यानं एक दगडी क्रूस जेरुसलेमहून इंग्लंडच्या मध्यावर आणून ठेवायचा आहे. एक गुलामगिरीतून सुटून अमेरिकेहून आलेल्या काळ्या माणसाचं. तो सायकलवर गल्लोगल्ली हिंडतो आणि तिच्या चाकांना रबराऐवजी दोर गुंडाळलेला असतो. एक आजच्या काळातल्या, रस्त्यावर देह विकणाऱ्या मुलीचं. वाचणाऱ्याला वाटतं, यांचा एकमेकांशी संबंध काय? संबंध एवढाच की सगळे त्याच चार गल्ल्यांतून चालतात. शतकं वेगवेगळी, कोपरा तोच.

दुसरा भाग गोष्टीचा गाभा. १९५९ साल. मायकेल वॉरन नावाचं तीन वर्षांचं पोर. घसा दुखतो म्हणून दिलेली खोकल्याची गोळी त्याच्या घशात अडकते आणि श्वास बंद होतो. पुढं त्याचा श्वास परत येतो, पण मधली काही मिनिटं तो मेलेला असतो. मूर यांनी त्या काही मिनिटांवर चारेकशे पानं लिहिली आहेत.

या मिनिटांत पोर जातं कुठं? वर जातं. वस्तीच्याच माडीवर. या वरच्या वस्तीला मूर ‘मॅनसोल’ म्हणतात. हे नाव त्यांनी जॉन बन्यन या सतराव्या शतकातल्या लेखकाकडून घेतलं आहे. तिथं मोत्यांची दारं नाहीत, अप्सरा नाहीत. आहेत त्याच गल्ल्या, तीच दुकानं, पण अफाट मोठी आणि लखलखीत. देवदूत आहेत, पण त्यांना म्हणतात ‘बांधकामवाले’. म्हणजे आपल्याकडचे गवंडी-सुतार समजा. मेलेल्या पोरांची एक टोळी मायकेलला हात धरून फिरवते आणि काळातून आरपार बिळं पाडत कधी मागं, कधी पुढं नेते.

तिसरा भाग सगळ्यात अवघड. त्यात लेखक प्रत्येक प्रकरणाला वेगळा साज चढवतो. जेम्स जॉइस यांची मुलगी लुशिया नॉर्दॅम्प्टनच्या मनोरुग्णालयात अनेक वर्षं होती आणि १९८२ साली तिथंच वारली. तिच्यावरचं प्रकरण मूर यांनी जॉइसच्या शब्द मोडून-जोडून केलेल्या भाषेत लिहिलं आहे. एकेका ओळीला अडखळायला होतं. प्रामाणिकपणे सांगतो, ते मला निम्मंच कळलं. न कळलेलं कळलं म्हणणं हा प्राध्यापकांचा जुना रोग आहे, या वयात तरी तो टाळावा.

माडीवरून दिसणारा काळ

आता मुख्य मुद्दा. ही वरची वस्ती म्हणजे नुसती कल्पनेची भरारी नाही. तिच्यामागं काळाबद्दलचा एक विचार आहे.

आपल्याला वाटतं, काळ वाहतो. काल गेला, उद्या यायचा आहे, खरा फक्त आज. आइन्स्टाइननंतर भौतिकशास्त्रात काळाकडे आणखी एका तऱ्हेनं बघतात. जशी जागा सगळी एकदम आहे, तसा काळही सगळा एकदम आहे. तुम्ही पाचोडात बसलात म्हणून पैठण नाहीसं होत नाही, ते तिकडं आहे. तसंच तुम्ही आजच्या दिवसात बसलात म्हणून १९५९ नाहीसं होत नाही, तेही ‘तिकडं’ आहे. १९५५ साली जिवलग मित्र मिशेल बेसो वारला तेव्हा आइन्स्टाइननं त्याच्या घरच्यांना याच अर्थाचं सांत्वनाचं पत्र लिहिलं होतं.

मूर हा विचार माडीवर नेऊन ठेवतात. वरून खाली पाहिलं की माणूस क्षणाक्षणाचा दिसत नाही. जन्मापासून मरणापर्यंतची त्याची सगळी हालचाल एकदम दिसते, खोल्याखोल्यांतून गेलेल्या एखाद्या चमकत्या वेलीसारखी. कुठलंच पान गळत नाही. पाडलेली गल्लीही तिथं आहेच, कारण ती ज्या वर्षात उभी होती ते वर्ष कुठंही गेलेलं नाही.

म्हणजे ज्या वस्तीला सगळ्यांनी ‘संपली’ म्हणून खोडून टाकलं, तिला हा लेखक म्हणतो, तू संपूच शकत नाहीस. स्वर्ग राजवाड्यांचा नसतो, गरिबाच्या गल्लीलाही माडी असते. अद्भुत कथा म्हटलं की आपल्याला राजपुत्र, किल्ले, तलवारी आठवतात. इथं अद्भुत आलं ते सांडपाण्याच्या गटारीवर. या पुस्तकाचा खरा धीटपणा मला यात वाटतो.

आपले लोक यावर काय म्हणाले

भारतीय दर्शनांत हा वाद फार जुना आहे, आणि आपल्या कामाचा आहे.

नैय्यायिक अभावाचे प्रकार सांगतात, त्यांतला एक प्रध्वंसाभाव. मडकं फुटलं की त्याचा अभाव सुरू होतो. या अभावाला सुरुवात आहे, शेवट नाही. नवं मडकं आणाल, पण ते मडकं कधीच नाही. पाडलेल्या वाड्याबद्दल नैय्यायिक हेच म्हणेल. आता तो नाही, आणि यापुढं कायमचा नाही. कडक आहे, पण खोटं म्हणवत नाही.

दुसऱ्या टोकाला सर्वास्तिवादी बौद्ध. नावातच आहे, सर्वम् अस्ति. भूत, वर्तमान, भविष्य या तिन्ही काळांतले धर्म, म्हणजे अस्तित्वाचे मूळ घटक, आहेत. ॲलन मूर यांना हे शेजारी आवडले असते. पण सौत्रांतिकांनी त्यांना अडवलं. भूतकाळ वर्तमानासारखाच ‘आहे’, तर मग त्याला गेलेला का म्हणायचं? कालचा विस्तव आज भाजत का नाही? सर्वास्तिवाद्यांचं उत्तर असं, की तो आहे, पण त्याचं ‘कारित्र’ संपलं आहे. कारित्र म्हणजे काम, क्रिया. विस्तव आहे, भाजण्याचं काम करत नाही. तसंच पाण्याखालचं घर आहे, सावली देण्याचं काम करत नाही.

हा शब्द लक्षात ठेवा. मला पुन्हा लागणार आहे.

माझी एक तक्रार

त्याआधी मूर यांच्याशी माझं भांडण कुठं आहे ते सांगतो. काळ जर सगळा आधीच मांडून ठेवलेला असेल, तर माणसाला निवड कुठं राहिली? कादंबरीत हा प्रश्न थेट येतो आणि उत्तरही थेट मिळतं, स्वतंत्र इच्छा वगैरे काही नव्हतंच. ठीक. पण मग ज्यांनी गल्ली पाडली, त्यांचा दोष कसा काढायचा? तेही आधीच मांडलेलं होतं. आणि मूर तर पानोपानी संतापलेले आहेत. पाडणाऱ्यांवर, विकणाऱ्यांवर, गरिबांना कोपऱ्यात ढकलणाऱ्यांवर. संताप हवा तर निवड हवी. दोन्ही एकदम कसं धरता येईल?

दुसरी भीती जास्त जवळची. ‘काहीच नष्ट होत नाही’ हे वाक्य दुःखी माणसाला आधार देतं, पण तेच वाक्य बेफिकीर माणसाच्याही तोंडी शोभतं. गाव बुडवा, वाडा पाडा, पोथी रद्दीत घाला, काळाच्या माडीवर सगळं आहेच की! म्हणून हे वाक्य मी जपून वापरतो.

याला उतारा आपल्या पैठणात सापडतो, म्हणून आता तिकडं वळू.

पैठणची जळालेली कथा

इथून पाऊण तासावर पैठण. आज तालुक्याचं गाव. धूळ, एसटी स्टँड, षष्ठीची गर्दी. पण हेच सातवाहनांचं प्रतिष्ठान. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरचं शहर म्हणून त्याचा उल्लेख आहे आणि इथून गोमेद जातीचे दगड बंदरावर जात असं लिहिलं आहे. शहर खाली आलं, हे नॉर्दॅम्प्टनइतकंच आपल्यालाही लागू.

आणि अद्भुत कथेचा एवढा मोठा संसार या गावाला चिकटलेला आहे की मूर यांची बाराशे पानं त्यापुढं लहान वाटावीत. गुणाढ्याची ‘बृहत्कथा’. तिची जन्मकथा अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागरा’त सांगितली आहे.

राजा सातवाहन राण्यांसोबत जलक्रीडा करत होता. एक राणी संस्कृतात म्हणाली, पाण्यानं मारू नका, ‘मोदकैः’, म्हणजे मा उदकैः. राजाला संधी कळला नाही, त्यानं लाडू मागवले. राणी हसली. राजाला लाज वाटली, व्याकरण शिकायचं ठरवलं. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्यानं पण लावला, तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडेन. हरला. मुका होऊन विंध्याच्या अरण्यात गेला, तिथं पैशाची भाषा शिकला आणि सात वर्षांत सात लाख श्लोकांची कथा लिहिली. शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्तानं.

ग्रंथ राजाकडे पाठवला. राजा म्हणाला, पिशाचांची भाषा, रक्ताची अक्षरं, न्या परत. गुणाढ्यानं डोंगरावर अग्नी पेटवला. एकेक पान जनावरांना वाचून दाखवायचं आणि आगीत टाकायचं. जनावरं चरणं सोडून रडत ऐकत राहिली. त्यांचं मांस वाळलं, राजाच्या ताटात बेचव आलं, तेव्हा कुठं राजाला जाग आली. तो धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरला एक लाख.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण एक गोष्ट खरी आहे, की मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. सोमदेव, क्षेमेंद्र, बुधस्वामी यांच्या संस्कृत पुनर्कथनांतून तिची सावली तेवढी दिसते. म्हणजे पैठणची गोष्ट मूर यांना उलट सांगते. बाबा रे, जळतं. खरोखर जळतं. आणि का जळतं? ज्यांच्या हाती मान द्यायचं होतं, त्यांनी ‘ही भाषा हलकी, हे लोक हलके’ म्हणून नाकारलं म्हणून. इथं दोष काढता येतो.

चालत जाऊन राखलेली स्थळं

आता दुसरी पोथी. चक्रधर स्वामी तेराव्या शतकात याच गोदाकाठच्या गावांतून हिंडले. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या, ते ‘लीळाचरित्र’. परंपरा सांगते की मूळ प्रत धावपळीच्या काळात हरवली, आणि हिराइसांसारख्या ज्यांना ती पाठ होती, त्यांच्या स्मरणातून पाठ पुन्हा उभे राहिले.

त्याच्या जोडीला महानुभावांची ‘स्थानपोथी’ आहे. स्वामी जिथं बसले, जेवले, निजले त्या जागा तिच्यात नोंदलेल्या आहेत. देऊळ कुठल्या तोंडाचं, ओटा कुठल्या दिशेला, दार कुठं. काही ठिकाणी देऊळही राहिलं नाही, तरी जागा सांगता येते. अलौकिक माणसाबद्दलचा ग्रंथ आणि भाषा मात्र जमीन मोजणाऱ्याची! मूर यांचंही तसंच आहे. देवदूत आणतात, पण गल्लीचा कोपरा चुकू देत नाहीत. अद्भुत टिकायचं असेल तर पत्ता बरोबर लागतो.

मघाचा शब्द आता घ्या, कारित्र. पाडलेली जागा आहे, पण काम करत नाही. मग कोणीतरी पोथी हातात घेऊन चालत येतो, दिशा मोजतो, वाकून नमस्कार करतो. त्या क्षणी ती जागा पुन्हा काम करू लागते. जुना सर्वास्तिवादी मला इथं अडवेल. संपलेलं कारित्र परत येत नाही, म्हणेल. त्याचं शास्त्र त्याच्यापाशी. मी आजीला पाहिलं आहे. ती वळसा घालून ‘दारातून’ आली, तेव्हा त्या दारानं एकदा आत घेण्याचं काम केलं. मी भिंतीवरून गेलो, माझ्यासाठी केलं नाही.

कादंबरीच्या शेवटाकडे मायकेलची मोठी बहीण अल्मा वस्तीवरच्या चित्रांचं प्रदर्शन भरवते. ती चित्रकार आहे आणि बरीचशी मूरच आहे. भावाची अपेक्षा असते की हिनं वस्ती वाचवावी. तिचं म्हणणं साधारण असं, की वाचवली आहे, पण बाटलीतलं जहाज जपून ठेवतात तशी. आंदोलन करून वाचवतात तशी नव्हे. काही वाचकांना ही हार वाटते. मला यात लेखकाचा प्रामाणिकपणा दिसतो. पुस्तक गाव परत आणत नाही. पण दार कुठं होतं ते दाखवतं.

आपल्याकडं का नाही?

एका विद्यार्थ्यानं मघाशी बाहेर विचारलं, सर, मराठीत असं आहे का? जवळपासचं आहे. भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू’ २०१०ची. मोहेंजोदडोच्या उत्खननापासून खानदेशातल्या मोरगावापर्यंत काळ एकमेकांत घुसतो. जयंत पवारांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा कथासंग्रह, २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला. १९८२च्या संपानंतर मोडलेलं गिरणगाव सांगताना सरळ वास्तव पुरत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

पण एकूणात आपण एक वाटणी करून टाकली आहे. चमत्कार संतांना, राजांना, आणि गरिबाच्या वस्तीला फक्त वास्तव. रेडा वेद बोलला हे पैठणचं आपण मानतो. पण धरणात गेलेल्या गावाला स्वप्नातली माडी द्यायची म्हटलं की संकोच वाटतो, त्या दुःखाची थट्टा होईल असं वाटतं. मूर यांच्याकडून शिकायचं ते हे, की ती थट्टा नसते. माहिती अचूक असेल आणि माणसं ओळखीची असतील तर तो मान असतो.

नाथसागरात गेलेली गावं बघितलेली माणसं आता ऐंशीकडे आहेत. त्यांच्या डोक्यात अजून गल्ल्या आहेत. पार कुठं, विहीर कुठं, कुणाचं दार कुणासमोर. आणखी दहा वर्षांनी विचारायला कोणी राहणार नाही, आणि मग नैय्यायिकाचं म्हणणं अक्षरशः खरं होईल.

म्हणून इथं बसलेल्या तरुणांना सांगतो, कादंबरी नंतर लिहा. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा आणि त्यांच्या गावाचा नकाशा काढून घ्या. उत्तर कुठं ते विचारा, दार कुठल्या तोंडाचं ते विचारा. ते चुकतील, भांडतील, पुन्हा सांगतील. सगळं लिहून घ्या.

माझ्या आजीचा नकाशा मी काढला नाही. दारापुरतंच मला सांगता येतं, पूर्वेला तोंड होतं. उरलेल्या खोल्या विचारायच्या राहून गेल्या.

 प्रश्न असतील तर आता चहाबरोबर घेऊ.